आधी ऊब, मग चीक

उस्मानाबादी शेळी बहुतेकदा जुळी देते. त्यातलं एक करडू पंधरा-वीस मिनिटांत धडपडत उभं राहतं आणि आईच्या पोटाखाली शिरून सड शोधू लागतं. दुसरं कधी कधी पडल्या जागीच राहतं. मान टाकलेली, कान गार, ओरडायचंही त्राण नाही. धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर या पट्ट्यात किंवा माणदेशात, शेळ्या असलेल्या घरांना हे नवीन नाही. ‘ह्याच्यात काही जीव नाही’ म्हणून त्या करडाला बाजूला सारतात, नाहीतर घाईघाईनं त्याच्या तोंडात दूध ओततात. दोन्ही प्रकारांत ते बहुधा दगावतं. वाईट याचं वाटतं, की पहिल्या दोन-तीन दिवसांत जाणारी पुष्कळशी करडं रोगानं जात नाहीत. ती गारठ्यानं आणि उपासानं जातात. ऊब आणि दूध दोन्ही घरात असतात, फक्त ती कोणत्या क्रमानं द्यायची हे ठाऊक नसतं.

आईच्या पोटात करडू १०२ अंश फॅरेनहाइटच्या आसपासच्या उबेत वाढतं. तिथून ते एकदम दिवाळीनंतरच्या पहाटगारठ्यात येतं, तेही ओलंचिंब. अंगावरचं पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं. शरीर जितकं लहान तितकी ही गळती जास्त. जुळ्यातलं दुबळं करडू दीड किलोचंही असू शकतं. निसर्गानं त्याच्या मूत्रपिंडांभोवती एक खास चरबी साठवलेली असते, ती जाळून ते स्वतःला उबदार ठेवतं. पण ती शिदोरी काही तासांचीच. तेवढ्यात पोटात चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं दूध, गेला तर पुढचं इंधन मिळतं. नाही गेला तर अंग गार पडतं आणि गार अंगाला चोखायची ताकद राहत नाही. चोखत नाही म्हणून आणखी गार, असं ते चक्र आहे.

म्हणून पहिलं काम अंग कोरडं करण्याचं. नाकातोंडातला चिकट स्राव बोटानं काढायचा. श्वास अडखळत असेल तर नाकपुडीत गवताची काडी हलकेच फिरवायची, की करडू शिंकतं आणि छाती मोकळी होते. मग कोरड्या फडक्यानं किंवा स्वच्छ गोणपाटानं खसाखसा चोळायचं. आई चाटत असेल तर तिला भरपूर चाटू द्यावं. तिच्या खरखरीत जिभेनं रक्त खेळतं आणि करडाचा वास तिच्या डोक्यात पक्का बसतो.

त्यानंतर स्वच्छ बोट करडाच्या तोंडात घालून पाहायचं. आत ऊब लागली आणि बोट चोखलं गेलं तर काळजी अर्धी मिटली. त्याला सडाला लावावं. तोंड गार लागलं आणि जीभ हललीच नाही, तर दूध दूर ठेवावं. घरात साधा डिजिटल थर्मामीटर असेल तर गुदद्वारातून तापमान घ्यावं. करडाचं नेहमीचं तापमान १०२ ते १०३ अंश असतं. ते ९९ च्या खाली गेलं की करडू संकटात आहे असं समजावं. इतक्या गार अंगात आतडी जवळजवळ थांबलेली असतात, गिळण्याची क्रिया मंदावलेली असते. तेव्हा ओतलेलं दूध पोटात पडून राहतं किंवा श्वासनळीतून फुप्फुसात उतरतं. ‘दूध पाजलं तरी गेलं’ असं आपण म्हणतो त्यातली कितीतरी करडं त्या दुधानंच गेलेली असतात. आधी ऊब, मग चीक, हा क्रम कुठल्याही घाईत मोडू नये.

ऊब कशी द्यायची? पूर्वी डालग्याखाली करडू ठेवून वर पिवळा बल्ब लावला की भागायचं. आता घराघरांत एलईडी दिवे आले. ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. अशा दिव्याखाली करडू रात्रभर ठेवून सकाळी ते गार सापडल्याचं अनेक ठिकाणी ऐकलं आहे. पिवळा बल्ब मिळाला तर तो करडापासून हातभर लांब आणि पक्का बांधावा. खाली वाळला चारा असतो, बल्ब पडला तर गोठा पेटतो. वीज नसेल तर गरम पाण्याच्या दोन-तीन बाटल्या फडक्यात गुंडाळून करडाच्या दोन्ही बाजूंना ठेवाव्यात आणि गार होतील तशा बदलाव्यात. फारच गारठलेल्या करडाला कोपराला सोसेल इतक्या कोमट पाण्यात मानेपर्यंत धरता येतं. मात्र त्याला आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून डोकं बाहेर ठेवावं, म्हणजे अंग ओलं होत नाही आणि आईनं चाटलेला वासही धुऊन जात नाही. चुलीच्या धगीला अगदी जवळ धरण्यात जोखीम आहे. अर्धमेल्या करडाला चटका कळत नाही आणि सरकताही येत नाही.

इथे एक बारकावा आहे. जन्मून पाच-सहा तास उलटले असतील आणि करडाला मानही धरवत नसेल, तर त्याच्या रक्तातली साखर संपत आलेली असते. अशा करडाला नुसती ऊब दिली की शरीराची यंत्रणा जोरात सुरू होते, उरलीसुरली साखर जळते आणि झटके येऊन ते जातं. त्याला उबेच्या आधी ग्लुकोज लागतं, आणि तेही पोटाच्या पोकळीत इंजेक्शननं. हे काम पशुवैद्यकाचंच. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येतं. फोन लावताना करडाचं वय तासांत सांगावं. उपचार त्यावर ठरतात.

आता चीक. माणसाच्या बाळाला रोगप्रतिकाराची काही शिदोरी आईच्या पोटातच, वारेतून मिळते. शेळीची वार ते होऊ देत नाही. करडू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतात. ती सगळी चिकातून यायची असतात. त्यांना रक्तात घेणारी आतड्याची दारं तासागणिक मिटत जातात आणि साधारण २४ तासांत बंद होतात. दुसऱ्या दिवशी पाजलेल्या चिकानं पोट भरतं, संरक्षण मात्र मिळत नाही. म्हणून पहिला चीक तासा-दोन तासांत जायला हवा. दिवसभरात करडाच्या वजनाच्या किमान दहावा हिस्सा, जमलं तर दुप्पट. दोन किलोच्या करडाला म्हणजे २०० ते ४०० मिली, तीन-चार तासांच्या अंतरानं थोडा थोडा.

या घाईच्या आड एक जुनी समजूत येते. वार पडेपर्यंत करडाला पाजायचं नाही, असं आजही गावोगाव मानतात. वार पडायला सहा-आठ तास सहज लागतात, आणि नेमके तेच तास मोलाचे असतात. माणदेशातल्या एका वस्तीवर एक पशुसखी, म्हणजे शेळ्यांच्या देखभालीचं शिक्षण घेतलेली गावातलीच बाई, यावरून म्हाताऱ्या मालकिणीची समजूत घालत होती. “काकू, वारंची वाट नका बघू, ह्याला आत्ताच लावा.” काकू म्हणाल्या, “अगं, मग वार अडकंल की!” पशुसखीनं करडाला उचलून सडाला धरलं. “उलटंय बघा. हे ओढाय लागलं की वार आपसूक सुटती.” तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. चोखण्यानं शेळीच्या शरीरात जे संप्रेरक स्रवतं ते पान्हाही सोडतं आणि गर्भाशयही आकुंचित करतं. पशुसखीनं सडाला लावण्याआधी दोन-तीन धारा जमिनीवर पिळल्या होत्या, तेही ध्यानात ठेवण्यासारखं. सडाच्या तोंडाशी मेणासारखी गुठळी बसलेली असते आणि दुबळ्या करडाला ती ओढून काढता येत नाही.

चोखता येत असूनही उभं राहवत नसेल तर चीक पिळून बाटलीनं पाजावा. करडू पोटावर बसलेलं, मान पुढे ताणलेली, तोंड थोडंसंच वर. उताणं धरून वाटीनं किंवा बांबूच्या नळीनं ओतू नये. चोखता येत नसलेल्या करडाला डॉक्टर किंवा शिकलेली पशुसखी तोंडातून नळी घालून पाजते. नळी किती आत जाणार हे ओठापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मापून आधीच खूण करतात. ते एकदा नीट पाहून, हाताखाली शिकल्यावाचून करू नये. आईला चीकच नसेल तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा चालतो, गाईचाही चालतो. सधन गोठ्यांत चीक गोठवून ठेवतात. तो वापरताना भांडं कोमट पाण्यात ठेवून वितळवावा. थेट आचेवर उकळला तर आतली प्रतिपिंडं नासतात आणि हाती नुसता खरवस उरतो.

नाळ दोन-तीन बोटं ठेवून कापावी, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. राख, शेण लावू नये. नाळेतून शिरलेले जंतू आठवड्याभरानं सांध्यांत सूज होऊन दिसतात, शेणातून धनुर्वाताचाही धोका असतो.

करडाला ऊब देताना ते आईच्या नजरेआड नेऊ नये. शेळी आपलं पिल्लू वासानं ओळखते आणि ही ओळख पहिल्या काही तासांतच जुळते. चुलीपाशी रात्र काढून सकाळी परत आणलेल्या करडाला ती शिंगानं ढकलते, तेव्हा दोष तिचा नसतो. जुन्या स्वेटरची बाही कापून, पायांना भोकं पाडून घातली की करडाला गोठ्यातच राहता येतं. शेपटीकडचा भाग मात्र उघडा असू द्यावा, आई तिथेच हुंगते.

हे सगळं झालं व्याल्यानंतरचं. खरं म्हणजे दुबळेपणा त्याआधीच ठरलेला असतो. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा आणि करडाच्या वजनातली बरीचशी वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. नेमकं तेव्हा पोटातली जुळी जागा व्यापतात, शेळीला फार चारा खाववत नाही आणि घरातलं धान्य माणसांनाच पुरवायचं असतं. मूठ-दोन मूठ भरडा आणि शेवरी-सुबाभळीचा पाला या दिवसांत जेवढं काम करतो तेवढं नंतरचं कुठलंच टॉनिक करत नाही. आंत्रविषाराची लसही विण्याच्या महिनाभर आधी टोचली तर तिचं संरक्षण चिकातून करडाला जातं. आणि गावातला एकच बोकड वर्षानुवर्षं आपल्याच पाटींना लागत राहिला तर कमजोर करडं होणारच. बोकड बदलायला हवा, हे पाळणाऱ्यांनी ठामपणे ठरवायला हवं.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या होत्या. त्यातल्या पुष्कळ शेतमजूर आणि कोरडवाहू घरांतल्या बायांच्या हातच्या आहेत. वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो, ती करावीच. पण ज्या घरात गाय परवडत नाही तिथे मुलाची फी आणि दवाखान्याचं बिल शेळी भरते. तिच्या करडासाठी वस्तीवर एक थर्मामीटर, एक पाजायची नळी आणि ती वापरता येणारी एक पशुसखी एवढी सोय गावानं करावी, असं मला मनापासून वाटतं.

काही करडं हे सगळं करूनही जातात. दिवस पुरे होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी जन्मलेल्या, अंगावर विरळ केस असलेल्या करडाची फुप्फुसंच तयार नसतात. जे तगतं त्याला स्प्रिंगच्या काट्यावर रोज तोलावं. वजन दोन दिवस अडलं तर ते पीत नाही किंवा भाऊ त्याला सडाला लागू देत नाही. मग भावाला थोडा वेळ डालग्याखाली झाकून दुबळ्याला आधी पाजावं. चांगलं पिणारं करडू तिसऱ्या दिवसानंतर अचानक लुळं पडलं तर तो निराळा आजार असतो, डॉक्टरला लगेच बोलवावं. दोन-तीन आठवड्यांनी तगलेलं करडू पाला चघळू लागतं आणि पोटाचा रवंथाचा कप्पा कामाला लागतो. दूध मात्र तेव्हाही तोडू नये. दुबळ्या करडाला ते अडीच-तीन महिने, वजन भरेपर्यंत मिळत राहायला हवं.