शिशाच्या शिपायांची आगगाडी

दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांतून मातीचे किल्ले उभे राहतात. बुरुजाएवढा मावळा, दरवाजाच्या दुप्पट उंचीचे महाराज आणि तळ्याकाठी हत्तीहून मोठा बगळा, असा सारा थाट असतो. पण त्यात कुणाला काही खटकत नाही. खटकू नये हेच बरे. महाराज तिथे मोठे असतात, ते मुलांच्या मनात मोठे असतात म्हणून. परंतु याच किल्ल्याच्या पायथ्याशी एखादी छोटी आगगाडी आणून ठेवा, आणि मग मौज पाहा. जो तो म्हणू लागतो, "अहो, हा शिपाई त्या डब्यात मावायचा कसा?" आगगाडी आली की हिशेब आला! लष्करी आगगाड्यांचे नमुने जमवून त्यांच्याशेजारी खेळण्यातले शिपाई मांडण्याचा जो एक छंद आहे, त्यातली सारी गंमत आणि सारी डोकेदुखी या हिशेबातच आहे.

मराठी शिकवणाऱ्या माणसाने या फंदात का पडावे, असे पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर पुढे येईलच. आधी या छंदाची कुळकथा सांगतो.

त्याची दोन्ही मुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातली आहेत. जर्मनीतल्या गोपिंगेन गावच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लायप्झिगच्या व्यापारी जत्रेत किल्लीवर चालणारी आगगाडी मांडली. तिचे रूळ इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वळवलेले होते. कंपनीने रुळांमधली अंतरे ठरवून दिली; त्यामुळे या वर्षी एंजिन, पुढच्या वर्षी दोन डबे, असा संसार वाढवता येऊ लागला. दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या घराण्याने पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली. वितळलेले शिसे साच्यात ओतायचे, कडेचा थर थिजला की आतले शिसे पुन्हा बाहेर ओतून घ्यायचे. शिपाई हलका झाला आणि स्वस्तही झाला. त्यांच्या सुरुवातीच्या पलटणींत बॉम्बे लान्सर्स आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीही होत्या. म्हणजे आपल्या मुंबई इलाख्याचे जवान विलायती पोरांच्या दिवाणखान्यात केव्हाच दाखल झाले होते.

शिपाई आणि आगगाडी यांची सोयरीक जुळवण्याचे श्रेय एच. जी. वेल्स या कादंबरीकारालाही द्यावे लागेल. 'फ्लोअर गेम्स' या १९११ सालच्या पुस्तकात त्याने जमिनीवर मांडायच्या खेळांत शिपाई, लाकडी ठोकळे आणि आगगाडी यांना एकत्र आणले. पुढे १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून त्याने खेळातल्या लढाईचे नियमच बांधून दिले. असली छोटी लढाई खेळणाऱ्या माणसाला खऱ्या लढाईचा मूर्खपणा कळेल, अशी त्याची आशा होती. वर्षभरातच पहिले महायुद्ध सुरू झाले. १९१७ मध्ये अमेरिका त्यात उतरली, आणि तिथल्या लायोनेल कंपनीने मुलांसाठी तोफा बसवलेली चिलखती गाडी बाजारात आणली. वेल्सची आशा राहिली बाजूला. दुकानदारी मात्र जोरात चालली.

आता हिशेबाकडे वळू. जुना शिशाचा शिपाई ५४ मिलिमीटर उंच असतो. त्याला ३२ ने गुणले की १,७२८ मिलिमीटर होतात, म्हणजे पाच फूट आठ इंचांचा धडधाकट गडी. तेव्हा त्याची गाडीही खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याचीच हवी. युरोपातल्या मोठ्या मार्गांवर रुळांमधले अंतर १,४३५ मिलिमीटर. त्याचा बत्तिसावा हिस्सा सुमारे ४५ मिलिमीटर. छंदिष्टांच्या भाषेत हे 'एक नंबर गेज'. घरोघरी जी लहान गाडी दिसते ती बहुधा खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची. तिच्याजवळ शिपाई उभा करायचा तर तो जेमतेम २० मिलिमीटरचा लागतो. शिवाय पस्तिसाव्या हिश्श्याचे एक निराळेच गोत्र आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० नंतर एक रणगाडा असा बेतला, की त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या बसाव्यात. त्यातून निघालेले हे प्रमाण पुढे जगभर रूढ झाले. पस्तीसचा डबा आणि बत्तीसचा शिपाई लांबून खपून जातात. पण शिपायाला दारात उभा करा, की त्याचे डोके चौकटीला लागलेच म्हणून समजा.

या छंदात नवखा माणूस प्रथम तोफेकडे धावतो. जर्मनांची 'लिओपोल्ड' ही रुळांवरची तोफ अशीच लोकप्रिय आहे. खरी तोफ २१८ टनांची, तिच्या नळीचे तोंड २८ सेंटिमीटरचे, आणि मारा साठ किलोमीटरांच्या पलीकडे. १९४४ साली इटलीत अँझिओच्या किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त फौजांना अशा दोन तोफांनी सळो की पळो करून सोडले होते. तिचे सुटे भाग जोडून करायचे संच मिळतात. पाहुणे आले की त्यांचे बोट पहिल्यांदा तिच्याकडेच जाते.

माझे मन मात्र रमते ते एका साध्या मालडब्यात. फ्रान्समधल्या या लाकडी डब्यांवर फ्रेंचमध्ये लिहिलेले असे, 'माणसे ४०, घोडे ८'. बस्स, इतकेच. १९१४ मध्ये सैन्य आघाडीकडे निघाले ते असल्या डब्यांतून. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस आपले हिंदी शिपाई मार्सेय बंदरात उतरले आणि तिथून आगगाडीनेच उत्तरेला गेले. या डब्याचा बत्तिसाव्या हिश्श्याचा नमुना घेऊन मी एकदा त्यात खरोखरच चाळीस शिपाई मांडू लागलो. पंचवीस-तीस झाल्यावर पुढचा शिपाई ठेवायला जागा शोधावी लागली. बंदुका आणि पडशा अजून बाहेरच होत्या. मोकळ्या फळीवर संगीन रोखून उभा असलेला शिपाई शूर दिसतो. डब्यात घातला की तो माल होतो. एका घोड्याच्या जागेत पाच माणसे, हा भाव तिथे डब्यावरच रंगवलेला असतो.

इतिहास शिकवणारे माझे एक सहकारी एकदा कपाटापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सर, लढाईत माणसं मरतात. तिची अशी आरास मांडावी का?" प्रश्न रास्त होता. मी त्यांना तोफेसमोरून हलवले आणि शेवटच्या फळीपाशी नेले.

त्या फळीवर मेसोपोटेमिया आहे, म्हणजे आजचे इराक. १९१५ च्या डिसेंबरात तिथल्या कूत गावात हिंदी सैन्याची सहावी डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. या डिव्हिजनचे नाव 'पुणे', आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. बसऱ्यापासून कूतपर्यंत रेल्वे नव्हती. सारी भिस्त नदीतल्या बोटींवर, आणि त्याही अपुऱ्या. मदतीला आलेले हजारो शिपाई वाहनांवाचून बसऱ्यात खोळंबले. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे मेली वा जायबंदी झाली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी फौजेने शस्त्रे ठेवली. सुमारे १३,००० लोक कैद झाले.

त्यानंतर रेल्वे आली! हिंदुस्थानातून मीटरगेजचे रूळ, एंजिने आणि डबे जहाजांनी नेण्यात आले, आणि १९१६-१७ मध्ये बसऱ्याहून गाड्या धावू लागल्या. इकडे कैद झालेल्या हिंदी शिपायांपैकी कित्येकांना तुर्कांनी रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपले. जी आगगाडी त्यांना सोडवायला आली नाही, तिच्यासारखीच दुसरी त्यांनी शत्रूसाठी बांधली. त्यात अनेकांनी तिथेच प्राण सोडले.

आमचे सहकारी काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी कूतचे साल तेवढे पुन्हा विचारले.

मी शब्दांत वावरणारा माणूस आहे. 'सैन्याची रसद तुटली' हे वाक्य मी अनेकदा वाचले आहे, शिकवलेही आहे. पण ते किती मोठे आहे हे मला या फळीने दाखवले. मराठीच्या मास्तराने आगगाड्या का जमवाव्यात, याचे माझ्यापाशी एवढेच उत्तर आहे.

कुणाला हा नाद करावासा वाटलाच, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ब्रिटनच्या घराण्याने शिशाचे शिपाई करणे १९६६ साली थांबवले. त्याआधीचा माल हाती आला तर तो लहान मुलांच्या हाती देऊ नये, हाताळल्यावर हात धुवावेत, आणि ओकच्या लाकडी कपाटात तर तो मुळीच ठेवू नये. त्या लाकडाच्या आम्ल वाफेने शिशावर पांढरी पूड धरते आणि शिपाई आतून खंगतो. दुसरी गोष्ट आपल्या मीटरगेजची. एक मीटरचा बत्तिसावा हिस्सा सव्वाएकतीस मिलिमीटर. बाजारात 'ओ गेज' म्हणून मिळणारे रूळ ३२ मिलिमीटरांचे असतात. फरक पाऊण मिलिमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. तेव्हा आपले मराठा शिपाई आणि हिंदुस्थानातून गेलेली ती गाडी यांना एकाच फळीवर, एकाच मापाने आणता येते. माझ्या फळीवर बसऱ्याच्या टोकाला एंजिन आणि चार डबे उभे आहेत. दुसऱ्या टोकाला कूत आहे. मधली दोन फूट जागा मी मोकळी ठेवली आहे.