फिरतंय का बघ!

सुट्टी लागली की दुकानांत क्राफ्ट किटची खोकी दिसू लागतात. आत सगळं बेतून ठेवलेलं असतं. तुकडे कापलेले, भोकं पाडलेली, गोंदाची पुडीसुद्धा मापातली. तासाभरात वस्तू तयार होते, आजी ‘छान हं!’ म्हणते आणि वस्तू शोकेसमध्ये जाऊन बसते. ती काहीच करत नाही, ही माझी तिच्याबद्दलची तक्रार. घरी खेळणं करायचं तर वाजणारं, फिरणारं करावं, नाहीतर रुसून बसणारं. मग जमलं की फसलं हे मोठ्यांना विचारावं लागत नाही, खेळणंच सांगतं.

अरविंद गुप्तांची खेळणी या जातीची. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेले गुप्ता पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथल्या शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम चालू होता. गावाकडच्या बाजारात सहज मिळणाऱ्या दोन वस्तूंची त्यांनी तिथे जोडी जमवली: काडेपेटी आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब.

काड्यांचं गुल आधी खरवडून टाकायचं. ट्यूबचे छोटे तुकडे करून दोन्हीकडून काडी खुपसली की झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबा, तो दाद देत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच तिरका होतो. कोपऱ्यातल्या ट्यूबला बाभळीच्या काट्याने भोक पाडून खराट्याची एक काडी आडवी-तिरकी बसवली की तोही ताठ उभा राहतो. (काडेपेटीची काडी इथे तोकडी पडते. का, ते मुलांनाच शोधू द्या.) एवढं हाताने केलेल्या पोराला रेल्वेच्या लोखंडी पुलात आणि पत्र्याच्या शेडच्या कैच्यांत ठिकठिकाणी त्रिकोण दिसायला लागतात.

पुढे २००३पासून दहाएक वर्षं गुप्ता पुण्यातच, आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. त्यांच्या खेळण्यांतलं माझं सर्वांत लाडकं म्हणजे विजेची मोटर. टॉर्चचा मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली रबरी पट्टी, एक चुंबक आणि सव्वा मीटरभर तांब्याची तार. तार मोटर वाइंडिंगवाल्याकडून आणायची, कारण तिच्यावर इनॅमलचा लेप हवा. सेलभोवती तिचे दहाएक वेढे घेऊन कडं काढायचं आणि दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर ठेवायची. सेलच्या दोन्ही तोंडांना एकेक पीन पट्टीने घट्ट बसवायची, पिनांच्या डोळ्यांत टोकं ओवायची, कड्याखाली सेलवर चुंबक चिकटवायचं.

खरी मेख लेप खरवडण्यात आहे. एका टोकाचा लेप चहूबाजूंनी काढायचा. दुसऱ्या टोकाचा मात्र कडं उभं धरून फक्त वरचा अर्धा. घाईत दोन्ही टोकं चकाचक केली तर कडं थरथरतं आणि अडकून पडतं. कारण अर्ध्या फेरीत चुंबक कड्याला पुढे ढकलतं, तर उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे ओढतं. लेप राहिलेली बाजू पिनेला टेकली की त्या मागे ओढण्याच्या वेळेपुरती वीज तुटते आणि कडं आपल्या वेगातच पुढे निघून जातं. हे फळ्यावर समजावताना मास्तरांची दमछाक होते. इथे पॉलिश पेपरचे दोन हात जास्त मारले की चूक लगेच कळते.

सुरुवातीला बोटाने हलकी टिचकी द्यावी लागते. कडं डुगडुगत असेल तर टोकं एका रेषेत नाहीत. वीज वाहत असताना कडं अडून राहिलं तर सेल तापतो, तेव्हा ते लगेच उचलावं.

हे सगळं जड वाटलं तर पिपाणी आहेच. कागदी स्ट्रॉचं एक टोक चपटं करून दोन्ही कोपरे तिरके कापायचे, ओठांत धरून जोरात फुंकायचं. फुंकता फुंकता दुसऱ्या टोकाकडून कात्री लावत गेलं की आवाज चढत जातो. कागद लवकर भिजतो आणि पिपाणी मान टाकते, म्हणून स्ट्रॉ दोन-चार जास्तीच्या असाव्यात. दुपारची झोप लागणाऱ्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

मोटर एकदा फिरायला लागली की मोठ्यांनी हात काढून घ्यावा. चुंबकाची पालथी बाजू वर केली तर कडं उलटं फिरू लागतं. दोन चुंबकं एकावर एक ठेवली तर, वेढे वाढवले तर, कडं गोलाऐवजी चौकोनी केलं तर काय होईल, हे प्रश्न मग मुलंच काढतात. सेल तेवढे घरात ठेवावेत.