परदेशी गाडी एमएच-२९ पर्यंत

परदेशातून यवतमाळला परतताना तिथली गाडी सोबत आणावी, असे अनेकांना वाटते. पण अमेरिका, दुबईत स्टिअरिंग डावीकडे. आपल्या आयात धोरणाला ते उजवीकडेच लागते. स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा, हेडलाइटचा झोत डाव्या बाजूच्या वाहतुकीला साजेसा हवा. वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि ती उतरते फक्त मुंबई बंदरात.

खरा घाम फोडते ते शुल्क. वापरलेल्या गाडीवर सीमाशुल्क आणि उपकर मिळून १३७.५ टक्के, तेही जहाजभाडे व विमा धरून काढलेल्या किमतीवर, जीएसटी वेगळा. म्हणजे तिथे दहा लाखांची गाडी इथे जीएसटी धरण्याआधीच पंचवीस लाखांच्या घरात जाते. सचिन तेंडुलकरला भेट मिळालेल्या फेरारीवरचे १ कोटी १३ लाखांचे शुल्क केंद्राने २००३ मध्ये माफ केले, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर ते गाडी भेट देणाऱ्या फियाट कंपनीने भरले. सामान्य माणसाला असा भरणारा कुठून मिळणार?

यवतमाळच्या आरटीओत (एमएच-२९) नोंदणीसाठी सीमाशुल्काची मूळ कागदपत्रे दाखवावी लागतात. आयात गाडीवर राज्याचा एकरकमी कर २० टक्के आहे.