बोललेल्या शब्दाची मालकी

आश्विनी पौर्णिमा जवळ आली कीं सोलापुराहून तुळजापुराकडे पायीं निघालेल्या भाविकांची रीघ लागते. सुमारें ४५ किलोमीटरांची ती वाट चालतां चालतां एखादी वृद्धा हातांतल्या फोनवरील माइकच्या चिन्हावर आंगठा दाबून धरते आणि सासरीं असलेल्या लेकीला चार गोष्टी सांगते. पाय सुजले आहेत, पण वहिनीच्या कानांवर घालूं नकोस, असेंहि त्यांत असतें. आंगठा उचलला कीं तें बोलणें लेकीच्या फोनमध्यें पोहोंचतें. ज्याला लिहितां येत नाहीं त्यालाहि पत्र धाडण्याची ही सोय व्हॉट्सअॅपनें २०१३ सालीं दिली, आणि आज ‘व्हॉईस मेसेज’ हा शब्द खेडोपाडीं रूढ झाला आहे.

आवाजाचे दोन प्रकार तुळजापुराइतके स्पष्ट क्वचितच कोठें दिसतील. संबळ वाजूं लागला, दिवटी पेटली आणि गोंधळी उभा राहिला, म्हणजे त्याचा आवाज जमलेल्या सर्वांसाठीं असतो. तो दूरवर ऐकूं गेला तर त्याला आनंदच होईल. परंतु त्याच रात्रीं घरच्या कर्जाविषयीं तो भावाशीं जें बोलतो, तें एका कानासाठींच असतें. कंठ एकच, पण दिलेली संमति निराळी. पूर्वीं असें खाजगी बोलणें कोणी बाहेर नेलेंच, तर तें सांगोवांगीचें ठरे. आतां तेंच बोलणें दाटलेल्या कंठासह, जसेंच्या तसें, शंभर ठिकाणीं जाऊं शकतें.

ध्वनिसंदेशाची घडण अशी आहे. तो आल्याबरोबर, ऐकण्यापूर्वींच, घेणाऱ्याच्या फोनमध्यें आपोआप उतरतो. तेथून तो दुसऱ्याला धाडण्यास दोनचार वेळां बोट टेकविणें पुरतें. मूळ बोलणाऱ्याला त्याची वार्ताहि मिळत नाहीं. धाडणाऱ्याला आपला संदेश सर्वांसाठीं पुसतां येतो, पण सुमारें दोन दिवसांच्या आंत. शिवाय तोंवर पुढें गेलेल्या प्रती पुसल्या जात नाहींत. २०१६ सालापासून व्हॉट्सअॅपवरील संदेश सांकेतिक रूपांत जातात, म्हणून वाटेंत ते कोणाला ऐकतां येत नाहींत. हें संरक्षण मोहोरबंद पाकिटासारखें आहे. पाकीट फोडल्यावर आंतील पत्र चावडीवर वाचून दाखविणाराला तें अडवीत नाहीं.

एकदांच ऐकतां यावा आणि पुढें धाडतां येऊं नये, असाहि ध्वनिसंदेश डिसेंबर २०२३ पासून पाठवितां येतो. पण त्यासाठीं बोलणाऱ्यानें प्रत्येक वेळीं ‘१’ या चिन्हावर बोट ठेविलें पाहिजे. न ठेविल्यास संदेश मोकळा समजला जातो. आधींच लावून दिलेल्या अशा व्यवस्थेला ‘डीफॉल्ट’ म्हणतात, आणि खरा प्रश्न येथेंच उपस्थित होतो. घरमालकानें खिडक्यांच्या कड्या उघड्या ठेविल्या व भाडेकऱ्याच्या तें लक्षांत आलें नाहीं, म्हणून त्यानें चोराला आंत बोलाविलें असें कोणी म्हणत नाहीं. मग गप्प राहणें म्हणजे होकार, असें येथें कां मानावें?

या प्रश्नाचा एक जुना खटला मुंबईंतच घडला. १९६४ सालीं मुंबईच्या कॉरोनरवर लांच मागितल्याचा आरोप होता. पोलिसांनीं एका डॉक्टरांच्या संमतीनें त्यांच्या टेलिफोनला ध्वनिमुद्रणाचें यंत्र जोडलें आणि कॉरोनरशीं झालेलें संभाषण फितीवर उतरविलें. ‘आर. एम. मलकाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर १९७२ मध्यें दिला. बोलणाऱ्या दोघांपैकीं एकानें राजीखुषीनें मुद्रण होऊं दिलें होतें. तेव्हां कायद्याचा भंग झाला नाहीं आणि फीत पुराव्यांत घेतां येते, असें ठरलें. म्हणजे एकाची संमति पुरेशी मानली गेली. पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तरीहि जोडीदाराचें बोलणें त्याच्या नकळत मुद्रित केलें असलें, तरी विवाहविषयक खटल्यांत तें पुरावा होऊं शकतें, असा निर्णय १४ जुलै २०२५ रोजीं झालाच.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्यानें संमतीचें लक्षण नेमकें सांगितलें आहे. ती मोकळ्या मनानें, विशिष्ट कामापुरती, समजून उमजून, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीनें दिलेली असावी. परंतु एखाद्या माणसानें स्वतःच्या खाजगी वा घरगुती कामासाठीं केलेल्या वापराला हा कायदा लागू नाहीं. कंपनीला तो जाब विचारील. शेजाऱ्याला विचारणार नाहीं.

कंपन्यांनाहि जाब विचारण्याची गरज आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें फेसबुकनें मान्य केलें कीं मेसेंजरवरील कांहीं ध्वनिसंदेश तिनें कंत्राटी माणसांकडून ऐकवून लिहून घेतले होते. बोलणें अक्षरांत करून मिळण्याचा पर्याय निवडणाऱ्यांचेच ते होते, असें तिचें म्हणणें होतें. पण यंत्र अक्षरें लावील असें समजून दिलेला होकार परक्या माणसाच्या कानाला कसा लागू पडावा?

जेथें कायदा पोहोंचत नाहीं, तेथें रीतभात उपयोगी पडते. दुसऱ्याचें बोलणें मुद्रित करण्यापूर्वीं त्याला विचारावें. गोंधळ्याचें गाणें घेतांनाहि विचारावें. आलेला संदेश चारचौघांत मोठ्यानें लावूं नये, आणि पुढें धाडण्यापूर्वीं ज्याचा आवाज त्याची परवानगी घ्यावी. घरांतील जाणत्यांनीं वडील माणसांना ‘१’ चें तें चिन्ह एकदां दाखवून द्यावें. त्या वृद्धेचा संदेश लेकीनें कौतुकानें घरच्या ग्रुपवर टाकला, तर सुजलेल्या पायांची बातमी सुनेला कळेल, एवढेंच नव्हे; आपल्यापासून ती लपविली गेली, हेंहि कळेल. दोन शब्द एका कानासाठीं होते. ते तेथेंच ठेवणें लेकीच्या हातीं आहे.