सायकल भारी असो की साधी, गाळप हंगामात मागचा लाल दिवा आधी!

सातारा/सांगली : पहाटे साडेपाचला कराड-तासगाव रस्त्यावर नाहीतर वाळवा, पलूस भागात कुठंही उभं राहिलं, तर हेल्मेट घातलेली दोन-चार सायकलवाली मंडळी हमखास दिसतात. कुणाला शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला असतो, कुणाचे गुडघे पळायला साथ देत नाहीत, तर कुणाला नुसतीच हौस. नवा माणूस या नादाला लागला की पहिल्यांदा विचारतो ते सायकलीचं. कोणत्या कंपनीची घ्यावी, गिअर किती असावेत, वजन किती? वीस-पंचवीस हजारांपासून काही लाखांपर्यंत सायकली मिळतात, त्यामुळं चर्चाही लांबते. पण आपल्याकडच्या रस्त्यावर त्याआधीचा प्रश्न वेगळाच आहे. मागून येणाऱ्या ड्रायव्हरला तुम्ही दिसता का?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कारखान्यांचे बॉयलर पेटले की मार्चपर्यंत या दोन जिल्ह्यांतले रस्ते बदलून जातात. साखराळे, कुंडल, रेठरे, यशवंतनगर अशा कारखान्यांकडं दिवस-रात्र ऊस चाललेला असतो. दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रक, बैलांच्या टायरगाड्या. सायकलिंगसाठी सगळ्यात चांगली हवाही नेमकी याच महिन्यांत. म्हणजे थंडीचा गारवा आणि उसाची वाहतूक एकाच वेळी एकाच रस्त्यावर येतात, तेही अंधारात.

दिवा कसा, कुठं लावायचा?

मागं लाल आणि पुढं पांढरा, असे दोन दिवे लागतात. चार्जिंगचा बरा लाल दिवा दोनशे ते पाचशे रुपयांत मिळतो. तो सीटच्या खालच्या दांड्याला, सरळ मागं तोंड करून बसवायचा. बऱ्याच जणांचा दिवा जमिनीकडं किंवा आभाळाकडं बघत असतो. काहींचा तर सीटखालच्या पिशवीनं नाहीतर रेनकोटच्या शेपटानं झाकलेला. लावूनही उपयोग नाही. बसवल्यावर सायकल उभी करून पन्नास पावलं मागं जायचं आणि स्वतः बघायचं, झालं.

पुढचा दिवा फक्त रस्ता दिसावा म्हणून नसतो. पंक्चर झालेली किंवा फाटा मोडलेली ट्रॉली रात्री रस्त्यातच उभी असते. मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर, फार तर चार दगड लावलेले. उतारावरून तीसच्या वेगानं येणाऱ्या सायकलवाल्याला ती काळ्या भिंतीसारखी अचानक समोर येते. म्हणून पुढचा दिवा स्थिर ठेवायचा, लुकलुकता नाही. लुकलुकत्या दिव्यात अंतराचा अंदाज येत नाही.

स्वस्तातला आणखी एक उपाय म्हणजे चमकणारी रिफ्लेक्टर पट्टी. ती पाठीवर असतेच, पण घोट्याला आणि पेडलला लावली तर जास्त काम करते. घोटा वर-खाली होतो, तशी पट्टी हलते आणि ड्रायव्हरला लांबूनच कळतं की पुढं माणूस सायकल मारतोय. गडद निळा किंवा काळा टी-शर्ट कितीही ब्रँडेड असला तरी पहाटे तो घरीच ठेवलेला बरा.

लांब पल्ल्याची सायकलिंग करणाऱ्यांकडं बघितलं तरी हेच दिसतं. 'ब्रेव्हे' नावाच्या राइड असतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे. या प्रकारातली सगळ्यात जुनी आणि मोठी राइड फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. ती १८९१ साली सुरू झाली, आता चार वर्षांतून एकदा होते, १२०० किलोमीटरसाठी ९० तास. आपल्याकडूनही लोक तिथं जातात. या राइडमध्ये तुमची सायकल कितीची आहे हे कुणी विचारत नाही, पण रात्रीच्या प्रवासाला दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट लागतंच.

ट्रॉलीच्या बगलेत जाऊ नका

दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला ओलांडताना लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे वळणावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीत चालत नाही, आतल्या बाजूला ओढली जाते. डाव्या वळणावर ट्रॉली आणि साइडपट्टी यांच्यामध्ये घुसलेल्या सायकलवाल्याची जागा बघता बघता संपते. शिवाय ट्रॅक्टरवर टेप जोरात चालू असतो, घंटी ऐकू जाईल ही आशाच सोडा. सरळ रस्ता, समोर मोकळं आणि ट्रॅक्टर हळू असेल तरच उजवीकडून, भरपूर अंतर ठेवून जायचं. नाहीतर मागं थांबायचं. तेही चिकटून नको, कारण उसाची मोळी घसरली तर ती मागच्याच्या अंगावर येते.

कारखान्याच्या अलीकडं-पलीकडं रस्त्यावर कांडकी पडलेली असतात. चाकाखाली चिरडलेला ऊस आणि शेतातून टायरला लागून आलेला चिखल यावरून बारीक टायर घसरतो. तिथं वळताना ब्रेक दाबायचा नाही, वेग आधीच कमी करायचा. डिसेंबर-जानेवारीत कृष्णाकाठी सकाळी धुकं दाटतं. अशा वेळी अर्धा-पाऊण तास उशिरा निघाल्यानं काही बिघडत नाही.

हेल्मेटचं थोडक्यात : सायकलला कायद्यानं सक्ती नाही, तरी घालायचं. भुवईच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, हनुवटीचा पट्टा लावलेला पाहिजे. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदलायचं.

सराटे, बाभळ आणि गावातला पंप

पाऊस संपला की माण, खटाव, आटपाडी, जत भागात रस्त्याच्या कडेला सराटे वाळतात. त्यात वेड्या बाभळीचे काटे. शहरातून आलेला २३ मिलिमीटरचा बारीक टायर इथं दोन दिवस टिकत नाही. सायकलीच्या फ्रेममध्ये बसत असेल तर २८ किंवा ३२ मिलिमीटरचा, आतून काटारोधक पट्टी असलेला टायर घ्यावा. वेग थोडा कमी होतो, पण ढकलत घरी यायची वेळ कमी येते. साइडपट्टीवर उतरलात तर लगेच थांबून टायरवर हात फिरवून बघायचं. सराटा आत घुसायला दोन-चार फेरे लागतात, तेवढ्यात काढला तर ट्यूब वाचते. अर्थात हातमोजा घालून, नाहीतर सराटा तुमच्याच बोटात.

खरी गंमत पंक्चर झाल्यावर असते. गावोगावी पंक्चरची दुकानं आहेत, हवेचे कॉम्प्रेसर आहेत, तरी रोड सायकलवाला तिथं हात चोळत उभा राहतो. कारण या सायकलींचा वॉल्व्ह बारीक, 'प्रेस्टा' जातीचा असतो. मोटारसायकलला हवा भरायचं तोंड त्यावर बसतच नाही. वीस-तीस रुपयांचं एक छोटं पितळी टोपण मिळतं. ते वॉल्व्हवर फिरवलं की कोणत्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. मात्र कॉम्प्रेसरनं थोडी थोडी भरायची, एकदम नाही. जुन्या २८ इंची सायकलीची ट्यूबही या बारीक टायरात नीट बसत नाही. तेव्हा स्वतःची जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन प्लास्टिक पट्ट्या, छोटा पंप आणि हे टोपण सीटखाली असलंच पाहिजे. घरी बसून एकदा चाक काढून ट्यूब बदलून बघा. पहिल्यांदा अर्धा तास लागतो. भर उन्हात जतच्या माळावर पहिल्यांदाच शिकायला लागलं तर किती लागेल, ते विचारू नका.

कपड्यांचं म्हणाल तर गादी लावलेली चड्डी बघून पारावरची मंडळी हसतात, हसू द्या. तीस-चाळीस किलोमीटरनंतर तिची किंमत कळते. ती घामट अंतर्वस्त्रावर नाही, तशीच घालायची असते, नाहीतर घासून जखमा होतात.

उन्हाळा

मार्चनंतर पूर्वेकडच्या तालुक्यांत आठ-साडेआठच्या आत घरी यायचा हिशोब ठेवावा. दोन बाटल्या पाणी घ्यायचं, एकीत लिंबू, मीठ, साखर. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट. सोबत केळं किंवा गूळ-शेंगदाणे. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी खिशात साखर ठेवावी आणि लांब जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. व्यायामानं शुगर एकदम खाली येऊ शकते. उन्हात डोकं दुखायला लागलं, मळमळलं, घाम यायचा थांबला तर सावली गाठायची आणि कुणाला तरी फोन करायचा. उरलेले दहा किलोमीटर त्या दिवशी मारायचे नाहीत.

पाऊस, वारा आणि घाट

पावसाळ्यात सातारा जिल्हा एक राहत नाही. महाबळेश्वर-कोयनेकडं हजारो मिलिमीटर पाऊस आणि माणमध्ये वर्षाला पाचशेच्या आसपास. पूर्वेकडच्या सायकलवाल्यांना म्हणून पाऊस अडवत नाही, वारा अडवतो. वनकुसवडे, चाळकेवाडी आणि कवठेमहांकाळ तालुक्यातल्या ढालगाव भागात पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून येतो. जाताना पश्चिमेला निघा. कराडहून पाटणकडं जाताना छाती दुमडून सायकल मारावी लागेल, पण येताना तोच वारा पाठीशी असतो. उलटं केलं तर जाताना आपण फारच तयारीचे आहोत असं वाटतं आणि येताना घर येता येत नाही.

घाटात चढ दमवतो, धोका उतारात असतो. वाईहून पसरणी घाटानं पाचगणी बारा-तेरा किलोमीटर. साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कास सुमारे पंचवीस किलोमीटर आणि पठाराची उंची सुमारे १२०० मीटर. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिमवर ब्रेक असलेल्या सायकलीची रिम तापते, ट्यूब फुटू शकते. दोन्ही ब्रेक दाबायचे-सोडायचे, वळणाच्या आधी दाबायचे. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, पांढरे पट्टे घसरतात, दरडीचे दगड वळणामागं असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात कासला फुलं असतात तेव्हा शनिवार-रविवार सोडून जावं, गाड्यांच्या रांगेत ना फुलं दिसतात ना रस्ता. आणि कृष्णा-वारणेच्या पुलांवर पाणी आलं की सायकल तिथूनच मागं फिरवायची, घोट्याएवढं दिसलं तरी. खालचा रस्ता वाहून गेलाय की नाही, हे वरून कळत नाही.

भिजून आल्यावर चेन तशीच ठेवली तर दुसऱ्या दिवशी तांबडी होते. आधी फडक्यानं कोरडी करायची, प्रत्येक कडीवर एक थेंब सायकल चेनचं तेल, चेन दोन मिनिटं फिरवून वरचं जादा तेल पुसून टाकायचं. गाडीचं काळं जळकं तेल लावू नका, त्यावर धूळ बसून चेन आणि दाते दोन्ही झिजतात. ब्रेकच्या रबरात अडकलेले खडे टाचणीनं काढायचे. आणि लाल दिवा चार्जिंगला लावायचा. घरात शाळेला किंवा डेअरीला दूध घालायला सायकलवर जाणारं कुणी असेल, तर दिवा घेतानाच दोन घ्या.