आधी नाव तपासा, मग बोटीत पाय ठेवा!

मैत्रिणींनो, सहल म्हटली की आपल्याकडे गाड्या ठरलेल्या. अष्टविनायक, फार तर गोवा, आणि मुलगा नोकरीला लागला की एखादं विमान. पण हल्ली आमच्या चिपळूणसारख्या गावातल्या भिशीतसुद्धा 'क्रूझ' हा शब्द ऐकू येऊ लागलाय. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही अकरा मजली बोट सुरू झाली आणि मुंबई-गोवा-मुंबई असा दोन रात्रींचा प्रवास मध्यमवर्गाच्याही स्वप्नात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या बॅलार्ड पियरला नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. तिथे तपासणीची आणि इमिग्रेशनची मिळून ७२ काउंटर आहेत म्हणे. वाचूनच धडकी भरावी!

आमच्या गटातल्या अकरा जणींनी अडीच वर्षं महिन्याला थोडे थोडे करून पैसे साठवले आणि गेल्या हिवाळ्यात हा प्रवास केला. परत आल्यापासून फोन चालूच आहेत. "बोटीत जेवायला काय असतं?" हा पहिला प्रश्न. "उलट्या होतात का?" हा दुसरा. पण खरा कस लागतो तो बोटीवर चढण्याच्या दिवशी, आणि त्याबद्दल कोणी विचारतच नाही. म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी कागद. देशातल्या देशात फिरणाऱ्या बोटीला भारतीय माणसाला पासपोर्ट लागतो असं नाही, पण सरकारी फोटो ओळखपत्र मूळ प्रत हवंच. आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट यांपैकी काहीतरी. नुसत्या पॅनकार्डावर विसंबू नका, त्यावर पत्ता नसतो. पण ओळखपत्र असणं वेगळं आणि त्यावरचं नाव तिकिटावरच्या नावाशी जुळणं वेगळं. आणि इथेच आपण बायका अडकतो. पुरुषाचं नाव जन्मापासून एकच. आपलं मात्र शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच! मी पंधरा दिवस आधी अकराही जणींच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स घेऊन तिकिटांशी ताडून बघितल्या. तिघींची नावं जुळत नव्हती. एका वहिनींच्या आधारवर अजून माहेरचं आडनाव, आणि मुलाने तिकीट काढताना कौतुकाने सासरचं टाकलेलं. वेळ हाताशी होता, म्हणून तिन्ही नावं दुरुस्त करून घेता आली.

टर्मिनलवर मात्र डोळ्यांदेखत बघितलं. नुकतंच लग्न झालेली एक मुलगी, हातात हिरवा चुडा. तिकिटावर नवं नाव, आधारवर जुनं. तिला बाजूला बसवलं. नवरा, सासू-सासरे, दीर, सगळ्यांचे कागद ठीक. अडली ती एकटी. तासभर फोनाफोनी झाली. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये विवाह नोंदणी दाखल्याचा फोटो निघाला, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. तोवर बिचारीच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं. नियम तपासणाऱ्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. बोटीवर कोण आहे याची यादी बिनचूक असायलाच हवी. पण लग्न दोघांचं होतं आणि कागद एकीचेच बदलतात, हे घरच्यांनी तिकीट काढताना लक्षात ठेवायला नको का? तुम्ही तिकीट कुणालाही काढायला सांगा, पण तुमच्या ओळखपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर तुम्ही स्वतः वाचून दाखवा. आणि लग्नाच्या दाखल्याची एक प्रत पर्समध्ये ठेवा.

आता वेळ. तिकिटावर बोट सुटायची वेळ असते, पण दरवाजे त्याच्या बरेच आधी बंद होतात. एसटी हात केला की थांबते, बोट नाही थांबत! आम्ही आदल्या रात्री मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम केला. कोकण रेल्वेवर भरवसा आहे, पण तिच्या वेळेवर किती ठेवायचा हे आपल्याला ठाऊकच आहे. वेब चेक-इन घरूनच करून घ्यावं. मुलांना सांगा, चुटकीसरशी करतात. त्याचा बोर्डिंग पास आणि सामानाला लावायच्या चिठ्ठ्या छापून घ्याव्यात.

टर्मिनलवर गेलं की मोठ्या बॅगा ताब्यात घेतात. त्या तपासून बोटीवर चढवतात आणि मग तुमच्या खोलीच्या दाराशी आणून ठेवतात. दीड-दोन हजार माणसांच्या बॅगा. काही तास सहज जातात. म्हणून खांद्यावरच्या पिशवीत औषधं, कागद, चष्मा, चार्जर, एक जोडी कपडे आणि एक शाल असू द्या. आमच्यातल्या मधुमेहाच्या दोघींनी गोळ्या मोठ्या बॅगेत भरल्या होत्या, त्या मी रांगेत उभं राहायच्या आधीच काढायला लावल्या.

काय न्यायचं नाही, तेही ऐका. इस्त्री, पाण्याची किटली, मेणबत्त्या, उदबत्त्या, निरांजन, चाकू चालत नाही. समुद्रात आगीसारखा शत्रू नाही, म्हणून ही कडक तपासणी. आणि बायांनो, घरचे लाडू-चिवडासुद्धा! बहुतेक कंपन्या घरी केलेले पदार्थ बोटीवर घेऊ देत नाहीत. डबा टर्मिनलला जाण्याआधीच संपवा. उपाशी राहाल ही भीती नको. वर गेल्या गेल्या जेवण सुरूच असतं आणि शाकाहाराची आबाळ होत नाही. उपास असेल तर मात्र तसं आधी कळवा. घरात कुणी गरोदर असेल तर तिकीट काढण्याआधीच विचारा. चोवीस आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या घेत नाहीत. तान्ह्या बाळालाही वयाची अट असते.

पुढे फोटो काढतात आणि एक कार्ड देतात. हे कार्ड म्हणजे सबकुछ. खोलीची किल्ली तेच, ओळख तेच, बोटीवरचं पाकीटही तेच. बोटीवर रोख पैसे सहसा चालत नाहीत. जे घ्याल ते कार्डावर चढतं आणि शेवटी बिल हातात पडतं. तिकिटात जेवण असतं, पण सरबतं, काही खास हॉटेलं, मसाज यांचे पैसे वेगळे. बंदराचं शुल्क, सेवाशुल्क, जीएसटी हेही विचारून घ्या, म्हणजे अडीच वर्षांच्या भिशीला अचानक खिंडार पडणार नाही.

खोली, म्हणजे केबिन, लहान असते. खिडकी नसलेली सगळ्यात स्वस्त. आम्ही तीच घेतली. झोपण्यापुरतंच तर खाली यायचं! ज्यांना बोट लागते त्यांनी बोटीच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात. डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. आणि किनारा सुटायच्या आत घरी "पोचलो" म्हणून फोन करून मोबाइल विमान मोडवर टाकावा. खोल समुद्रात साधं नेटवर्क नसतं आणि जहाजावरचं चुकून जोडलं गेलं तर बिल डोळे पांढरे करतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सुटण्याआधी सुरक्षेची कवायत असते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, हा धोक्याचा इशारा. आपण कुठे जमायचं त्या जागेचं अक्षर कार्डावर आणि खोलीच्या दारामागे लिहिलेलं असतं. लोक याला कंटाळतात, सेल्फी काढत बसतात.

माझ्या सासूबाई आमच्यासोबत होत्या, वय ७६. लहानपणी त्या दाभोळहून बोटीने मुंबईला येत. तेव्हा बोट खोल पाण्यात उभी राही, पडावातून जाऊन चढावं लागे, आणि पावसाळ्यात सगळंच बंद. कोकणातल्या त्यांच्या पिढीच्या मनात बोट म्हटलं की 'रामदास' असते. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. सासूबाईंना हे वडिलांकडून कळलेलं. त्या निघायला तयारच नव्हत्या. त्या कवायतीला पहिल्या ओळीत उभ्या राहिल्या. जॅकेटचे बंद कसे आवळायचे ते दोनदा दाखवून घेतलं आणि मग विचारलं, "लहान पोरांची जॅकेटं कुठे ठेवलीत?" त्या कर्मचारी मुलाने त्यांना नेऊन दाखवली. मागच्या सेल्फीवाल्या दोन आयांनी तेव्हा मोबाइल खाली ठेवला.

या कवायतीमागे माणसांची किंमत मोजलेली आहे. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर जगाने बोटींच्या सुरक्षेचा पहिला करार १९१४ मध्ये केला. तरी १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आदळली आणि ३२ जण दगावले. त्या संध्याकाळी चढलेल्या कितीतरी प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची सवलत होती. २०१५ पासून नियम बदलला. आता कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर झालीच पाहिजे. म्हणून ती वीस-पंचवीस मिनिटं द्या. आपली जागा बघून ठेवा, खोलीपासून तिथवर जिन्याने एकदा चालून या. संकटात लिफ्ट वापरायची नसते.

एवढं झालं की मग खुशाल वरच्या डेकवर जा. टग बोटी जहाजाला धक्क्यापासून अलगद बाजूला काढतात, मुंबईचे दिवे मागे सरकू लागतात, पुढे कुलाब्याच्या टोकाला प्राँग्जचं दीपगृह दिसतं. सासूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "आमच्या वेळी हे सगळं सांगायला कुणी नव्हतं गं. जो चढला तो देवाच्या भरवशावर."

आपल्याला सांगायला माणसं आहेत, तर ऐकायचं काम आपलं. घर, मुलं, सण यांच्या याद्या आपण वर्षानुवर्षं करत आलो. एक यादी स्वतःच्या प्रवासाची करायला काय हरकत आहे? त्या यादीत पहिल्या ओळीवर लिहा - माझं नाव, जसं ओळखपत्रावर आहे तसं. आणि मग बिनधास्त निघा.