वऱ्हाडी वाडा

वऱ्हाडी वाडा हा अमरावती, अकोला व परिसरातील जुन्या वस्त्यांत आढळणारा घराचा पारंपरिक प्रकार आहे. मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब-तुळया आणि सपाट धाबे ही त्याची मुख्य लक्षणे होत. अमरावतीत असे वाडे परकोटाच्या आतील गल्ल्यांत, तर अकोल्यात मोर्णा नदीच्या पश्चिमेकडील जुन्या शहरात बांधले गेले.

रचना

अमरावतीचा परकोट निजामाच्या राजवटीत, १८०७ च्या सुमारास, पेंढाऱ्यांच्या उपद्रवामुळे बांधण्यात आला. तटाच्या आत जागा बेताचीच असल्याने वाड्याची रस्त्याकडील बाजू अरुंद व खोली जास्त असे. दगडी ओटा, भक्कम दरवाजा आणि त्यात वाकून जाण्यापुरती दिंडी, आत ढेलज, मग मोकळा चौक, चौकाभोवती ओसरी व त्यामागे माजघर असा क्रम सामान्यतः दिसतो. रस्त्याकडे खिडक्या थोड्या. उजेड व वारा चौकातूनच येई. भिंतींच्या जाडीत कोनाडे काढलेले असत, तर धान्यासाठी बळद किंवा जमिनीखाली पेव असे.

धाबे

तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर पाला व शेवटी मातीचा जाड थर अशी धाब्याची घडण असते. येथे मातीची निवड महत्त्वाची ठरते. वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. ती छतावर चालत नाही. म्हणून जुन्या वस्तीच्या टेकाडाची, म्हणजे गढीची, पांढरी माती वापरीत. (शेतजमिनीला 'काळी' व गावठाणाला 'पांढरी' म्हणण्याचा प्रघातही या फरकाशी जुळतो.) उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जात असताना हा थर आतील खोल्या थंड ठेवतो, आणि रात्री धाबे झोपण्यास उपयोगी पडते. मात्र दर वर्षी पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती टाकून चोपावी लागते. एक वर्ष जरी चुकले तरी पाणी झिरपते, तुळया कुजतात आणि वाळवी लागते. या मातीसाठी अनेक गढ्याही खणल्या गेल्या.

ऱ्हास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे व कापसाच्या व्यापारामुळे आलेल्या पैशातून श्रीमंत घरांवर मजले चढले, पुढे कौले व टिनाची छपरे आली. आज वाटण्यांमुळे चौकात भिंती उभ्या राहतात व धाब्याची निगा कोणी राखावी हे ठरत नाही. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिल्यास आतील ओल बाहेर पडत नाही व भिंत आतून पोकळ होत जाते. दुरुस्तीसाठी केलेला खर्च अशा रीतीने पडझडीस हातभार लावतो. स्लॅब टाकून नव्याने बांधलेल्या काही घरांत जुना दरवाजा व ओटा तेवढे उरतात.